मॉरिशसच्या नोंदवहीतून कोकणातल्या गावाकडे

श्रोतेहो, नमस्कार.

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांना आपला मूळ पुरुष कोणत्या गावातून आला, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेला आहे. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून पोर्ट लुईस बंदरात उतरले. त्यांतील बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून निघाले होते. मुंबईहून गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी होती. मराठी कुटुंबाचा शोध बहुधा या मुंबईच्या जहाजांपाशीच येऊन ठेपतो. २०२४ मध्ये भारत सरकारने सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना ओसीआय कार्डाची (परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते त्या ओळखपत्राची) मुभा जाहीर केली, तेव्हापासून या शोधाला निकडही आली आहे.

शोध आपल्या पिढीपासून सुरू करून मागे न्यावा. स्वतःचा जन्मदाखला, मग आईवडिलांचा विवाहदाखला, मग आजोबांचा, असे एकेक पाऊल टाकत जाताना नावावर मात्र फार विसंबू नये. तिथल्या सरकारी नोंदीत बापाचे नाव मुलाचे आडनाव होऊन बसले. बाबाजी, सखाराम ही आज तिथे आडनावे आहेत, आणि भाऊभाऊ असूनही दोन घराण्यांची आडनावे वेगळी निघाली तर त्यात नवल नाही. खरा धागा आहे तो आगमन क्रमांकाचा. प्रत्येक मजुराला बंदरावर एक क्रमांक मिळे आणि पुढे लग्नाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीतही तो पुष्कळदा लिहिलेला सापडतो.

हा क्रमांक हाती आला की मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्या बोलू लागतात. वय, उंची, जात, अंगावरची खूण, जहाजाचे नाव, गाव, परगणा, जिल्हा असा तपशील एकाच ओळीत मिळू शकतो. १८६० नंतरच्या काळातील काही जणांची छायाचित्रेही आहेत. सुरुवातीच्या वह्या मात्र त्रोटक आहेत.

खरी कसोटी गावाच्या नावाशी लागते. मालवणी उच्चार इंग्रजी कारकुनाने जसा ऐकला तसा उतरवला, त्यामुळे ते नाव डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने उच्चारून पाहावे. जिल्हा ‘रत्नागिरी’ लिहिला असला तरी गाव आज सिंधुदुर्गात असू शकते, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. सातारा तर १८४८ पर्यंत संस्थानच होते.

इकडे आल्यावर अनेक जण थेट सातबारा मागतात, आणि माझ्या मते ही वाट बहुधा फसवी ठरते. खोतांच्या जमिनीत राबणाऱ्या कुळांचे नाव जुन्या दप्तरात क्वचितच येते. शिवाय खोती गावांची मोजणी पुष्कळ उशिरा झाली आणि तोवर माणूस परदेशी गेलेला असे. त्यापेक्षा वाडी, कुलदैवत, देवक यांच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते आधी लिहून घ्यावे. मॉरिशसमधील ‘झाकरी’ नाच ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कोकणातील जाखडी ओळखू येईल. परंतु तेवढ्यावरून गाव ठरत नाही. कुलदैवत आणि नोंदवहीतील गाव यांचा मेळ बसला, तर त्या गावच्या देवळातील गुरवाकडे आणि मानकऱ्यांकडे चौकशी करावी, आणि जाताना क्रमांकाच्या नोंदीची प्रत सोबत ठेवावी.