ओढलं, पण गेलं कुठं?

सांगलीची गणपती पेठ, ऐन लग्नसराई. डीटीपीच्या या दुकानात पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फलक, सगळं एकाच टेबलावर चाललंय. तासगावच्या काकांनी पेनड्राइव्ह दिलाय, पण नजर स्क्रीनवरून हटत नाही.

"ताई, फोटो तिकडं गेलं, म्हंजे माझ्यात काय ऱ्हाईल?"

"समदं ऱ्हातंय काका. ते अधिक दिसतंय न्हवं? कॉपी व्हायलीय."

तिच्या बोटाकडं पाहा. माउसचं डावं बटण दाबून धरलंय. फोटोची फिकट सावली बाणाला चिकटून निघाली, कॉम्प्युटरच्या 'डी' ड्राइव्हमधल्या, म्हणजे साठवणीच्या एका कप्प्यातल्या, फोल्डरवर आली आणि बाणाशेजारी अधिकचं बारीक चिन्ह उमटलं. बोट उचललं. फोटो उतरला. धरून ओढायचं, हवं तिथं सोडायचं: हेच ड्रॅग अँड ड्रॉप.

काकांची शंका अडाणी मुळीच नाही. विंडोजमध्ये हात एकच काम करतो, परिणाम मात्र दोन. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर, जसं पेनड्राइव्हवरून 'डी'वर, ओढलं तर कॉपी. त्याच ड्राइव्हमध्ये ओढलं तर फाईल जुन्या जागेवरून उठते. म्हणून तर लग्नाचा भलामोठा व्हिडिओसुद्धा तिथल्या तिथं क्षणात हलतो. आतला डेटा जागचा हलतच नाही, तो कुठल्या फोल्डरचा एवढी नोंद बदलते. जमीन तिथंच, सातबाऱ्यावर फेरफार!

अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जाहीरपणे चालवून दाखवला. चित्रं धरून फाईल ओढायची सोय १९८४ च्या मॅकिंटॉशनं घराघरातल्या टेबलांकडं आणली.

आपल्याला हवं तेच व्हावं, तर ओढताना कंट्रोल दाबा: कॉपी. शिफ्ट दाबा: फाईल हलते. आणि उजव्या बटणानं ओढलंत तर सोडल्यावर कॉम्प्युटरच विचारतो, कॉपी करू, हलवू की शॉर्टकट ठेवू? खरं तर नवख्याला आधी हेच शिकवायला हवं, पण क्लासमध्ये डाव्या बटणापुढं गाडी सरकत नाही. मधेच मन बदललं तर बटण सोडण्याआधी एस्केप दाबायचं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हात निसटल्यावर. 'बारसं' नावाचा फोल्डर क्लिक करताना जरासा ओढला गेला आणि शेजारच्या 'वास्तुशांती'त जाऊन पडला. गिऱ्हाईक समोर, फोल्डर गायब. ताई शोधत बसत नाही. दुसरं काही करायच्या आधी कंट्रोल आणि झेड. 'बारसं' परत जागेवर.

"साईज काय ठेवू, सहा बाय चार?"