पॉलिटिकल सायन्स घेतलंय, पुढं काय? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरांसाठी

(हातात एक छापील अर्ज)

नमस्कार मंडळी. हा कागद जरा जवळून बघा. ग्रामपंचायतीतला अर्ज आहे. वर लिहिलंय 'अर्जिदारर हेसरू', अर्जदाराचं नाव. खाली 'विळास'.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी हा अर्ज घेऊन आल्या, सोबत मुलगा. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला, विषय पॉलिटिकल सायन्स. पंचायत राज विचारा, १९९२ ची ७३वी घटनादुरुस्ती धडाधड सांगतो. पण 'विळास'पाशी अडला. विळास म्हणजे पत्ता. आईनं तोंडाकडं बघितलं तसा पोरगा खाली बघायला लागला.

त्याला मी रागावलो नाही, कारण मीही तिथंच अडलोय. एका भरतीत बाकीचे पेपर चांगले गेले, कन्नडच्या पेपरात थोडक्यात राहिलो. घरी कन्नड बोलत होतो, लिहायचा सराव कधी केला नव्हता. म्हणून करिअरचं बोलताना सुरुवात इथून करतोय.

कर्नाटक सरकारच्या नोकऱ्या घ्या. पंचायत विकास अधिकारी, म्हणजे आपण ज्याला पीडीओ म्हणतो, त्याला कुठलीही पदवी चालते. एफडीए, म्हणजे प्रथम दर्जा सहाय्यक, त्यालाही चालते. आणि हे काम म्हणजे तुमचा अभ्यासक्रमच आहे की! ग्रामसभा, वॉर्ड सभा, अनुदान, ठराव. पण केपीएससीच्या, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या, अशा भरत्यांत सक्तीचा कन्नड पेपर असतो, १५० गुणांचा, किमान ५० पाहिजेत. ते पडले नाहीत तर बाकीच्या पेपरांचा उपयोग नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांनो, रोज अर्धा तास कन्नड वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा आणि एक पान हातानं लिहा. पहिल्या वर्षापासून करा, जाहिरात आल्यावर नव्हे. आपली मराठी त्यानं कमी होत नाही.

आता यूपीएससी. इथं उलटं आहे, इथं मराठी उपयोगाला येते. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखत मराठीत देता येते. प्रीलिम्सची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते, तेव्हा इंग्रजी वाचनाची सवय हवी. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय, २५० गुणांचे दोन पेपर. पहिल्या पेपरचा अर्धा भाग भारतीय शासन आणि राजकारण. संघराज्य, भाषावार प्रांतरचना, केंद्र-राज्य संबंध. अहो, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तो १ नोव्हेंबर १९५६ काय ते आपल्या आज्जींना विचारा. सीमावादावरचा महाजन आयोग १९६६ चा, अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात, घटनेच्या कलम १३१ खाली. दुसऱ्यांना पुस्तकातून पाठ करावं लागतं ते आपण जेवताना ऐकलंय. फक्त उत्तर लिहिताना चिडून लिहू नका. दोन्ही राज्यांची बाजू मांडा, कलमं लिहा.

वकिलीकडं आपली मुलं पुरेसं बघत नाहीत असं मला वाटतं. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल. बी. टिळकवाडीतल्या आर. एल. लॉ कॉलेजचं नाव तुम्हाला ठाऊक असेलच. आता एक वाटणीचा दावा डोळ्यांसमोर आणा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यामुळं पणजोबांच्या वेळचे कागद मराठीत, काही तर जुन्या मोडी लिपीत. नंतरचा उतारा कन्नडमध्ये. वरच्या कोर्टातला निकाल इंग्रजीत. एकाच फाइलीत तीन भाषा! ही फाइल स्वतः वाचणारा वकील पक्षकाराला मिळाला तर त्याला दहा ठिकाणी फिरावं लागत नाही. मोडी दोन-तीन महिन्यांत वाचता यायला लागते, आज्जा-आज्जींच्या पेटीतली कागदं काढा आणि सुरू करा.

शिकवायचं असेल तर एम. ए. ला ५५ टक्के आणि वर नेट किंवा केसेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची देशाची किंवा कर्नाटकची पात्रता परीक्षा. आपलं राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावजवळच आहे, एम. ए. साठी लांब जायची गरज नाही. हायस्कूलला बी. एड.

ज्यांना प्रत्यक्ष कायदे कसे बनतात ते बघायचंय, त्यांच्यासाठी संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. एका खासदाराबरोबर दिल्लीत जवळजवळ वर्षभर काम, मानधनासह. वयाची अट लवकर संपते, म्हणून शेवटच्या वर्षातच अर्जाकडं लक्ष ठेवा. आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा पेपरातले प्रश्नोत्तरांचे तपशील रोज वाचा, बातमीदारी करायची असेल तर विशेष करून.

एक गोष्ट बऱ्याच घरांत पोचलेलीच नाही. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तोही ठरलेल्या नमुन्यात. तुमचं गाव यादीत आहे का ते आधी बघा, आणि जाहिरातीतला सीमाभागाचा परिच्छेद नीट वाचा. दाखल्याला वेळ लागतो. अर्जाची मुदत संपत आल्यावर धावपळ करणारी मुलं दरवर्षी मला फोन करतात.

तो मावशींचा मुलगा आता संध्याकाळी माझ्याकडं येतो. काल त्यानं हा अर्ज स्वतः भरला, विळासच्या रकान्यात पूर्ण पत्ता कन्नडमध्ये. 'ळ' जरा वाकडा आलाय, हा बघा.

(अर्ज कॅमेऱ्याजवळ)