काउंटरच्या आतली बाजू

(दृश्य: सकाळची वेळ. शटर वर जातंय. पेपरच्या टेबलाभोवती आजोबा मंडळी हजर.)

कोल्हापूरला वाचनालयाची सवय जुनी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला १९४५ मध्ये. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी आला.

त्याच शहरात ग्रंथालयशास्त्र शिकणारी ही मुलगी. आजवर काउंटरच्या बाहेर उभी राहायची, आज पहिल्यांदा आत आहे. वाचनालयातली महिनाभराची इंटर्नशिप, आणि सोबत आमचा कॅमेरा.

(दृश्य: देवघेवीचं टेबल. एक आजी.)

"बाळ, मागल्या खेपेला न्हेलतं बघ, हिरव्या पुठ्ठ्याचं. त्येचा फुडचा भाग दे की."

पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, कादंबरी असेल तर पुढं तीन, हे तिला तोंडपाठ आहे. पण हिरव्या पुठ्ठ्याला वर्गांक नसतो. त्यात बांधणीवाल्यानं अख्ख्या फळीला तेच हिरवं कापड लावलेलं. ती कीबोर्डवर हात ठेवून नुसती बघत राहते.

शेजारून शिपाईमामा हळूच म्हणतात, "आजींचं कार्ड काढ आधी."

कार्डावर मागच्या देवघेवीची तारीख आणि दाखल क्रमांक. त्यावरून दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं लिहिलेली वही. जाड, कडा झिजलेली, निळ्या शाईची. बोट ओळीवरून सरकतं आणि थांबतं. नाव सापडलं. दुसरा भाग खालच्या फळीवर, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याआड.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेत तिनं तो लिहिलाय. आज तो वेळ कुणाचा असतो ते तिनं पाहिलं: आजी काउंटरला टेकून, पिशवी या हातातून त्या हातात घेत उभ्या होत्या.

मीही याच वाटेनं आले. माझ्या वेळी एका ग्रंथालयानं महिनाभर मला आतल्या खोलीत बसवून बारकोडची स्टिकरं चिकटवायला लावली. वाचक एकही दिसला नाही. प्रमाणपत्र मिळालं, पण आपण ग्रंथपाल होऊ शकतो असं काही वाटलं नाही. ते वाटायला पुढं दोन वर्षं गेली. म्हणून मला कळकळीनं सांगायचंय, या मुलांना काउंटरवर उभं करा. चुकू द्या, पण शेजारी एक शिपाईमामा असू द्या.

(दृश्य: तिसरा आठवडा. दुपार, पंख्याचा आवाज.)

पहिल्या दिवशी आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "त्यांच्याकडं पुस्तकं खूप आहेत." आज ती फोनवर बोलतेय. कॅमेरा सुरू आहे हे तिच्या गावीही नाही.

"आजी, तिसरा भाग परत आलाय आमच्याकडं. तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. पाचच्या आत या, नाहीतर उद्या सकाळी. मी आहेच."