डोसचं कार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

जून लागला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक जोडी यायला लागते. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा नाहीतर मुलगी, आणि सोबत आई. आईच्या हातात पिशवी, पिशवीत फाइल, फाइलीत जन्मापासूनचे कागद. मुलाच्या हातात फोन आणि फोनवर अमेरिकेतल्या विद्यापीठाचा फॉर्म.

परवाच अशी एक जोडी आली. "मॅडम, एमएमआरचे दोन डोस द्या. तीन आठवड्यांनी विमान आहे."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दोन डोसांमध्ये किमान अठ्ठावीस दिवस जावे लागतात. एकवीस दिवसांत अठ्ठावीस कसे बसवायचे?

"पण शाळेत दिली होती ना लस," आई म्हणाली. "अंगठ्याला शाईसुद्धा लावली होती."

बरोबर होतं त्यांचं. 2018 च्या नोव्हेंबरात आपल्याकडे शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा मुलगा दहावीत होता. पण ती लस गोवर आणि रुबेलाची. एमएमआरमधला मधला एम गालगुंडाचा, आणि गालगुंडाची लस आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात नाही. शिवाय शाई तेव्हाच गेली. कागद कुठे आहे? कागद नव्हता.

तर आजचं माझं बोलणं लस घेतल्याच्या या कागदाबद्दल आहे. तो मागायचा, हे तिकडे कुणी ठरवलं? ही शिफारस करणारी एक संस्था आहे, अमेरिकन कॉलेज हेल्थ असोसिएशन. कॉलेजांतल्या आणि विद्यापीठांतल्या दवाखान्यांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, आहारतज्ज्ञ या सगळ्यांची ही संस्था. स्थापना 1920 ची. मी काही वर्षं तिकडच्या एका विद्यापीठाच्या दवाखान्यात होते, तेव्हा या संस्थेच्या वार्षिक संमेलनाला जायची.

संमेलन भरतं मे महिन्याच्या अखेरीस. कारण साधं आहे. तेव्हा पदवीदान उरकलेलं असतं, वसतिगृहं रिकामी झालेली असतात, आणि ज्यांना वर्षभर मान वर करायला फुरसत नसते, त्यांना चार दिवस मिळतात. एखाद्या मोठ्या शहरातलं मोठं हॉटेल, गळ्यात नावाची पट्टी, खांद्याला कापडी पिशवी आणि भलाजाड कार्यक्रमपत्रिका. त्या पत्रिकेत काही कार्यक्रम ठळक छापलेले असतात. उद्घाटनाचं सत्र, कुणाच्या तरी स्मरणार्थ व्याख्यान, पुरस्कार वगैरे. खरं सांगते, उद्घाटनाच्या भाषणात मी एकदा चांगली डुलकी काढली आहे. एसी गार, खुर्ची मऊ, आणि वक्ते 'परिवर्तन' हा शब्द फार वापरत होते.

पुरस्काराच्या वेळी मात्र मी जागी असायची. त्यातला एक पुरस्कार एडवर्ड हिचकॉक यांच्या नावाचा आहे, आणि या माणसाची गोष्ट मला फार आवडते.

मॅसॅच्युसेट्समध्ये अॅम्हर्स्ट नावाचं कॉलेज आहे. तिथल्या अध्यक्षांच्या, स्टर्न्स यांच्या लक्षात आलं की पोरं अभ्यास करकरून खंगताहेत, दर वसंतात आजारी पडून घरी जाताहेत. त्यांनी ठरवलं, मुलांच्या तब्येतीकडे बघायला एक प्राध्यापक नेमायचा. पहिले नेमले हूकर. गंमत बघा, ते स्वतःच आजारी पडले आणि त्यांना काम सोडावं लागलं. मग 1861 साली हिचकॉक आले, ते 1911 मध्ये वारले तोवर त्याच कामावर होते. पोरं त्यांना 'ओल्ड डॉक' म्हणायची.

त्यांनी केलं काय? व्यायामशाळेत पोरांना लाकडी डंबेल्स देऊन संगीताच्या तालावर कवायत करायला लावली. आणि प्रत्येकाचं मोजमाप घेतलं. उंची, वजन, छाती, दंडाचा घेर, ताकद. वर्षामागून वर्षं, तुकडीमागून तुकडी, सगळं वहीत. आमच्या साताऱ्याकडचा तालमीतला वस्तादही पोराच्या दंडावर हात फिरवून सांगतो, गेल्या साली एवढा होता, औंदा एवढा झालाय. नजर तीच. फक्त वस्ताद लिहून ठेवत नाही.

ठळक कार्यक्रमांपेक्षा मला तिथे पोस्टरचं दालन जास्त आवडायचं. लांबच्या लांब फळ्या, त्यावर टाचलेले तक्ते आणि प्रत्येक तक्त्याशेजारी तो करणारी व्यक्ती उभी. विचारा काय विचारायचं ते. भाषणात जे कुणी कबूल करत नाही, ते इथे कळतं. आमची मोहीम फसली, मुलं आलीच नाहीत, मग आम्ही खाऊ ठेवला आणि रांग लागली.

अशाच एका तक्त्याशी मला दारूबद्दलची एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन संशोधकांनी 1986 मध्ये दाखवून दिलं होतं की इतर मुलं किती पितात याबद्दलचा विद्यार्थ्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच जास्त असतो. सगळेच पितात असं वाटतं, म्हणून नको असतानाही मुलगा पेला हातात घेतो. मग काही विद्यापीठांनी दारूच्या दुष्परिणामांची चित्रं उतरवली आणि त्या जागी नुसते खरे आकडे लावले. तुमच्यातले बहुतेक जण पार्टीत अमुक इतकंच पितात, बस. हे आकडे येतात कुठून? तर मुलांनाच विचारून. ही संस्था 2000 सालापासून देशभरातल्या कॉलेजांतून एक पाहणी करते. झोप किती मिळाली, कशामुळे अभ्यास मागे पडला, एकटं वाटतं का. नाव न लिहिता उत्तरं द्यायची. पुन्हा वहीच, हिचकॉकची.

आता मेंदूज्वराबद्दल, कारण फॉर्मवर ती लस पाहून आईवडील सगळ्यात जास्त दचकतात. "एवढी महाग लस, लागते का खरंच?" हा आजार आणणारा मेनिंगोकॉकस नावाचा जंतू नाकाघशात गपचूप राहतो. बहुतेकांना काही करत नाही. पण एखाद्याच्या रक्तात उतरला तर सकाळी ताप आणि रात्री अतिदक्षता विभाग, असं होऊ शकतं. वसतिगृहात पहिल्या वर्षाला एकदम शेकडो मुलं ठिकठिकाणाहून येतात, एका बाटलीतून पाणी पितात, दाटीवाटीनं राहतात. त्याला हेच हवं असतं. म्हणून या संस्थेनं 1997 मध्येच सांगितलं होतं की विद्यार्थ्यांनी या लसीचा विचार करावा.

2013 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात काय झालं ते ऐका. मार्चपासून एकेक रुग्ण सापडत गेला, नोव्हेंबर संपेपर्यंत आठ झाले. मुलांनी लस घेतलेली होती. पण हा जंतू होता बी प्रकारचा, आणि नेहमीच्या लसीत बी नसतो. बी ची लस युरोपात मिळत होती, अमेरिकेत तिला परवाना नव्हता. शेवटी खास परवानगी काढून ती आणवली आणि डिसेंबरात पाच हजारांहून जास्त जणांना टोचली. विद्यार्थ्यांत पुन्हा कुणाला आजार झाला नाही. पण पुढच्या मार्चमध्ये फिलाडेल्फियातल्या दुसऱ्या विद्यापीठातली एक मुलगी दगावली. ती प्रिन्स्टनच्या मुलांच्या संपर्कात आली होती. जंतू तोच निघाला. संमेलनातल्या चहाच्या टेबलांवर हे प्रकरण कितीतरी वर्षं निघत राहिलं.

एका सत्रात मीही हात वर केला होता. विषय क्षयरोगाच्या तपासणीचा. एक परिचारिका म्हणाली, भारतातून आलेल्या मुलांची कातडीवरची टेस्ट फुगते आणि मुलं रडकुंडीला येतात, हे काय आहे? मी उभी राहिले, बाही वर केली आणि डाव्या दंडावरचा वण दाखवला. म्हटलं, हे आहे. जन्मल्याबरोबर आम्हाला बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचतात, त्यामुळे ती टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आमच्या मुलांची रक्तावरची इग्रा तपासणी करा, तिला बीसीजीनं फरक पडत नाही. सत्र संपल्यावर तिघी-चौघी वण बघायला आल्या. एकीनं बोटानं चाचपून पाहिला. मला हसू आलं, पण बरंही वाटलं.

2023-24 या वर्षात अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी 3 लाख 31 हजारांवर होते, चीनपेक्षाही जास्त. तेव्हा आपला वण तिकडच्या परिचारिकेला ओळखता आला पाहिजे, ही काही जगावेगळी अपेक्षा नाही.

आणि आपल्याकडे? मी शिकले त्या कॉलेजात प्रथमोपचाराची पेटी ऑफिसातल्या कपाटात होती. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा बहुतेक वेळा बँकेत. पेटीत आयोडीनची बाटली, कापूस आणि मुदत संपलेल्या गोळ्या. डॉक्टर वर्षातून एकदा, 'सर्व ठीक' असा शिक्का मारायला. आता थोडं हलू लागलं आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, हा त्यातला एक. आणि 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक तुम्ही आत्ताच लिहून घ्या. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पेन आणेपर्यंत थांबते.

घेतलात?

तर त्या मायलेकांकडे येते. पहिला डोस मी त्याच दिवशी दिला. दुसरा तिकडे विद्यापीठाच्या दवाखान्यात घ्यायचा, तशी चिठ्ठी लिहिली. क्षयासाठी इग्रा करायला पाठवलं. मेनिंगोकॉकसची एक लसही दिली. कार्ड लिहायला घेतलं आणि तारीख टाकताना हात थांबला. आपण 5/7 लिहिलं की ते आपल्याला पाच जुलै, पण अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस. तिकडे ते सात मे होतं. तिकडच्या दवाखान्यात असताना माझ्यासमोर एक कार्ड आलं होतं, त्यावरून मुलाला जन्माच्या दोन महिने आधी लस टोचली होती. कार्ड परत गेलं आणि पोराच्या वर्गनोंदणीला आठवडाभर कुलूप. म्हणून मी महिना अक्षरांत लिहिते.

मुलानं कार्ड घेतलं, फोटो काढला, खिशात टाकलं. आईनं ते खिशातून परत काढून घेतलं. उलटसुलट पाहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि फाइलीत सगळ्यात वर ठेवलं.

"झेरॉक्स किती काढू, मॅडम?"

"पाच काढा," मी म्हटलं. "आणि एक इथे माझ्याकडे ठेवा."

नमस्कार.