अंधारातली मोजणी

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यातली कॉलेजची पोरं पावसाळ्यात येऊर करतात, थंडीत मुंब्र्याच्या डोंगरावर दोर लावतात. त्यांतल्या काहींना आता मेघालयातल्या गुहांचे वेध लागलेत. आईवडील मला विचारतात, "अहो, गुहाच बघायच्या तर डोंगरापलीकडे कान्हेरी आहे की!"

आहे ना, पण ती माणसांनी छिन्नीने कोरलेली. आपला सह्याद्री बसाल्टचा, पाण्याला सहजी दाद न देणारा. खासी-जैंतिया टेकड्यांत चुनखडी आहे आणि वर चेरापुंजी-मौसिनरामचा पाऊस. ते पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, भेगेत शिरतं आणि खडक विरघळवत राहतं. जैंतियातली क्रेम लियात प्राह ही गुहा ३० किलोमीटरहून लांब आहे. ठाण्याहून भुयारात शिरलात तर भायखळ्यापर्यंत याल!

ही लांबी कळली कशी? शिलाँगचे ब्रायन खारप्रान डॅली आणि त्यांचे देशी-परदेशी सोबती १९९२पासून तिथे मोहिमा काढत आले. पोरांना वाटतं, गुहेत जायचं म्हणजे सरपटायचं आणि फोटो काढायचे. खरं काम मोजणीचं. एकजण पुढे जाऊन खडकावर खूण धरतो. दुसरा मागच्या खुणेवरून लेसरने अंतर, होकायंत्राने दिशा आणि चढउताराचा कोन घेतो. हेल्मेटचा दिवा फार जवळ आला तर होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून मान मागे. तिसरा चिखलाच्या बोटांनी, न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने आकडे टिपतो आणि प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणतो. पाण्याच्या खळखळाटात एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात. तेव्हा सरळ "पाच, नऊ" म्हणायचं. कंटाळवाणं आहे, पण नकाशा यातूनच होतो.

आणि हात लावायचा नाही. मेघालयातल्याच मॉम्लू गुहेतल्या, थेंबाथेंबाने वाढलेल्या एका चुनखडीच्या स्तंभातून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली. २०१८मध्ये त्या दुष्काळापासून आजपर्यंतच्या भूशास्त्रीय कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं. अशा स्तंभावर हाताचा तेलकटपणा बसला तर त्याची वाढ खुंटू शकते. सेल्फीसाठी टेकणाऱ्याला मी तरी मोहिमेवर नेणार नाही.

आता पालकांसाठी. मोहीम कोरड्या दिवसांतच, कारण पावसात आतलं पाणी झपाट्याने चढतं. प्रत्येकाकडे तीन दिवे हवेत, एकाच दिव्याच्या भरवशावर कुणी आत जायचं नाही. आत मोबाइल लागत नाही, तेव्हा दर तासाला फोन करू नका. त्याऐवजी बाहेर कोण थांबणार, त्याचा नंबर घ्या. गट किती वाजता बाहेर येणार आणि किती वाजेपर्यंत आला नाही तर मदत बोलवायची, या दोन्ही वेळा कागदावर लिहून मागा. एवढं लिहून देता येत नसेल, तर त्या गटाबरोबर पाठवू नका.