मार डोक्याला, दुखणं मानेत आणि डोळ्यांत

सुरुवातीला सगळ्यांनी एक गोष्ट करून पाहा. दोन्ही हातांची बोटं मानेच्या मागे, जिथे कवटी संपते आणि मान सुरू होते तिथल्या खोबणीत ठेवा. हलकाच दाब द्या. आता डोळे मिटा, डोकं अजिबात हलवू नका आणि मिटल्या पापण्यांखाली डोळे डावीकडून उजवीकडे फिरवा. बोटांखाली काहीतरी बारीक सळसळतं, जाणवलं? डोकं जागचं हललेलं नाही, तरी तिथले छोटे स्नायू डोळ्यांबरोबर आकसतात आणि सैलावतात. ज्यांना जाणवलं नसेल त्यांनी घरी शांतपणे, उताणं झोपून पुन्हा करून पाहावं.

आजचा सगळा विषय त्या सळसळीत आहे. अपघात, पडणं, दहीहंडीच्या थरावरून कोसळणं, कबड्डीतली टक्कर, हेल्मेटवर बसलेला चेंडू, कारण काहीही असो. मेंदूला हादरा बसला की सीटी स्कॅन आणि एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतात. मोठ्या माणसांचा त्रास बहुधा दोन आठवड्यांत आणि मुलांचा चार आठवड्यांत ओसरतो. पण काहींचा ओसरत नाही. दोन-तीन महिन्यांनंतरही डोकं मागून चढतं, वाचताना ओळी सरकतात, मंडईत शिरलं की गरगरतं. रिपोर्ट नॉर्मल असल्यामुळे घरातलेही म्हणू लागतात, 'आता सगळं मनाचं आहे.' ते मनाचं नसतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मान, डोळे आणि कानातली तोलाची यंत्रणा यांचा आपसातला मेळ बिघडलेला असेल, तर तो त्या चित्रात उमटत नाही.

स्टीव्ह स्मिथचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट 2019, लॉर्ड्सची कसोटी. जोफ्रा आर्चरचा चेंडू त्याला कानाखाली, मानेवर लागला. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीला आला आणि 92 धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास जाणवू लागला, तो सामन्याबाहेर गेला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला 'कंकशन सबस्टिट्यूट', म्हणजे मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूचा बदली, ठरला. त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येतात. आणि मार मानेवर बसला तरी मेंदू हादरतो. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे: मेंदू हादरेल एवढा झटका डोक्याला बसला, तर ते डोकं तोलून धरणारी मान त्यातून सुटत नाही.

मानेच्या वरच्या दोन मणक्यांभोवती जे छोटे स्नायू आहेत, ज्यांवर तुम्ही आत्ता बोटं ठेवली होती, त्यांत ताण मोजणारे तंतू शरीरातल्या इतर बहुतेक स्नायूंपेक्षा कितीतरी दाट असतात. 'डोकं आत्ता कुठे वळलं आहे' हे ते मेंदूला क्षणोक्षणी कळवतात. तेच कान कळवतो, तेच डोळे कळवतात. तिघांचा निरोप जुळला की जग स्थिर दिसतं. मान आखडली की तिचा निरोप चुकीचा जातो. तिघांत तंटा होतो आणि माणसाला ते चक्कर, धूसरपणा किंवा 'डोकं तरंगतंय' असं जाणवतं.

म्हणून उपचाराआधी दोष कुणाचा हे वेगळं काढावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच पायरी गाळली जाते. एक सोपी तपासणी पाहा. रुग्णाला फिरत्या खुर्चीवर बसवायचं, दुसऱ्याने त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि खुर्चीसकट धड हळूहळू एका बाजूला वळवायचं. डोकं जागीच असल्यामुळे कानाला काही कळत नाही. पिळली जाते फक्त मान. याने गरगरलं तर संशय मानेवर. दुसरी तपासणी घरीही जमते. टोपीवर लेझर पॉइंटर पक्का बांधा, भिंतीपासून 90 सेंटिमीटरवर बसा आणि ठिपका जिथे पडतो तिथे खूण करा. डोळे मिटून मान एका बाजूला पूर्ण वळवा आणि अंदाजाने परत मध्यावर आणा. डोळे उघडून ठिपका खुणेपासून किती हुकला ते मोजा. असं दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा करून सरासरी काढा. ती साधारण 7 सेंटिमीटरपेक्षा जास्त आली तर मानेची दिशेची जाण बिघडली आहे असं समजावं. पुढे हीच तपासणी व्यायाम म्हणूनही वापरतात. लेझर कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही, विशेषतः घरात मुलं असतील तर, एवढी काळजी घ्या.

डोळ्यांसाठी पेनच्या टोकावर एक बारीक अक्षर चिकटवा आणि ते हळूहळू नाकाकडे आणा. एकाची दोन अक्षरं दिसली की थांबा आणि नाकाच्या टोकापासूनचं अंतर टेपने मोजा. अक्षर फक्त धूसर झालं तर पुढे आणत राहा, दोन होण्याची वाट पाहायची आहे. तीनदा मोजा, कारण थकलेले डोळे पहिल्या खेपेला वेळ मारून नेतात आणि तिसऱ्या खेपेला उघडे पडतात. सरासरी 5 सेंटिमीटरच्या वर गेली तर ऑर्थोप्टिस्टकडे किंवा दोन्ही डोळ्यांच्या एकत्र कामाची तपासणी करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. चष्म्याचा नंबर काढणं आणि ही तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्यालाही जवळचं एक पान धड वाचता येत नाही, ते यामुळेच.

आता एक दोष थोडा सविस्तर सांगतो, कारण तो वारंवार निसटतो. डोळा फिरवणाऱ्या नसांपैकी चौथी नस बारीक आणि लांब वाटेने जाणारी. डोक्याच्या माराने ती दुखावते आणि एक डोळा किंचित वर राहतो. मग एकावर एक अशा दोन प्रतिमा दिसतात, जास्त करून जिना उतरताना आणि वाचताना. मेंदू त्यावर स्वतःच तोड काढतो: डोकं दुसऱ्या खांद्याकडे कललेलं धरायचं. प्रतिमा एक होते, पण मान दिवसभर वाकडी राहते आणि दुखते. मग महिनोन्महिने मानेला शेक, मालिश, पट्टा. मूळ डोळ्यात आहे हे कुणी पाहतच नाही. तेव्हा डोकं एका बाजूला कलतं आहे का, हे आरशात बघा, आणि अपघाताआधीच्या फोटोंशी ताडून बघा. एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल तर नेत्रतज्ज्ञांना हे आवर्जून सांगा. अशा मानेला व्यायाम देऊन उपयोग नाही. चष्म्यातला प्रिझम, म्हणजे प्रतिमा सरकवून जुळवणारी काच, ती सरळ करू शकतो.

अंथरुणावर कूस बदलताना अर्धा-एक मिनिट घर फिरत असेल तर तो बहुधा कानातल्या तोलाच्या यंत्रणेतल्या, जागचे सुटलेल्या कणांचा खेळ. त्याची तपासणी आणि उपचार दोन्ही ईएनटी किंवा फिजिओथेरपिस्ट टेबलावर झोपवून काही मिनिटांत करतात. ते आधी उरकून घ्या.

व्यायामाचा क्रम आम्ही असा ठेवतो: आधी मान, मग डोळे, मग दोन्ही मिळून. आखडलेल्या मानेवर डोळ्यांचे व्यायाम लादले की डोकेदुखी वाढते आणि रुग्ण 'हे मला सोसत नाही' म्हणून सोडून देतो.

मानेचा पहिला व्यायाम दिसायला फारच किरकोळ आहे. उताणं झोपा, गुडघे उभे, डोक्याखाली घडी घातलेला पातळ टॉवेल. आता 'हो' म्हणताना हनुवटी जेवढी हलते तेवढीच खाली न्या. डोकं टॉवेलवरून उचलायचं नाही, मागचा भाग किंचित वर सरकेल तेवढंच. 10 सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. दातावर दात घट्ट नकोत, जीभ टाळूला टेकलेली, श्वास चालू. चूक कुठे होते? एक बोट गळ्याच्या बाजूच्या जाड दोरीसारख्या स्नायूवर ठेवा. तो टणक झाला की समजा, जोर जास्त लागतो आहे आणि ज्या खोलवरच्या स्नायूंना जागं करायचं ते झोपलेलेच आहेत. जोर निम्म्यावर आणा. दवाखान्यात मानेखाली हवेची पिशवी ठेवून हाच व्यायाम मोजतात: पाऱ्याच्या 20 मिलिमीटर दाबापासून दोन-दोनने वाढवत 30 पर्यंत.

मान थोडी सुटली की डोळ्यांसाठी तीन मीटर दोरा आणि तीन रंगीत मणी घ्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं नाकाच्या टोकाशी धरा. एक मणी 40 सेंटिमीटरवर, दुसरा सुमारे दीड मीटरवर, तिसरा शेवटाजवळ. ज्या मण्याकडे पाहाल तिथे एकाच दोऱ्याचे दोन दोरे होऊन एकमेकांना छेदताना दिसले पाहिजेत. प्रत्येकावर पाच सेकंद. फुली मण्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडली तर डोळे नेम चुकतायत. एकच दोरा दिसला तर मेंदूने एका डोळ्याचं चित्र बंद केलं आहे. तिथे घरचा प्रयोग थांबवून तज्ज्ञांना दाखवा. जमत गेलं की जवळचा मणी दर दोन-तीन दिवसांनी दोन सेंटिमीटर आत घ्या.

त्यानंतर दोन्ही मिळून. भिंतीवर एक मीटर अंतरावर अक्षर लावा, नजर त्याच्यावर खिळवा आणि डोकं डावी-उजवीकडे साधारण 20 अंश हलवा. सुरुवात 30 सेकंदांनी, मेट्रोनोमच्या (ठेका देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला 60 ठोक्यांवर. अक्षर थरथरू लागलं की वेग जास्त झाला. खांदे डोक्याबरोबर वळू देऊ नका. वळले तर मानेला कामच लागत नाही. कॅनडात खेळाडूंवर 2014 साली झालेल्या एका छोट्या चाचणीत मान आणि तोल यांचे उपचार एकत्र मिळालेल्या 15 पैकी 11 जणांना आठ आठवड्यांत खेळायची वैद्यकीय परवानगी मिळाली; नेहमीचे उपचार मिळालेल्या 14 जणांत ती एकालाच मिळाली. संख्या लहान आहे, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मात्रा किती, हे वहीवर ठरवा. व्यायामाआधी त्रासाला 0 ते 10 मध्ये आकडा द्या, संपल्यावर द्या, तासाभराने पुन्हा द्या. आकडा आधीच्यापेक्षा दोनपर्यंतच वाढून तासाच्या आत खाली आला तर मात्रा योग्य. त्याहून वाढला किंवा संध्याकाळपर्यंत रेंगाळला तर उद्या निम्मी करा, बंद नको. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. पहिले एक-दोन दिवस आराम, मग याच नियमात बसेल तेवढं चालणं. घरातही काळा गॉगल लावून बसाल तर डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि साधा ट्यूबलाइटही खुपतो. बाहेर उन्हात गॉगल आणि पुढे झडप असलेली टोपी जरूर वापरा, घरात काढा.

चाळिशीच्या पुढच्यांना एक खास सूचना. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून स्क्रीन पाहायला हनुवटी वर करावी लागते आणि मानेच्या नेमक्या त्याच वरच्या सांध्यांवर भार येतो. 60 सेंटिमीटर अंतरासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. इतक्यानेही दुपारनंतरची डोकेदुखी हलकी होऊ शकते.

काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेऊ नका. माराने मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटलेलं असू शकतं आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. मानेचा पट्टा सांगितल्याशिवाय महिनाभर वापरू नका, स्नायू दुबळे होतात. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. आणि डोकेदुखी सतत वाढणं, वारंवार उलट्या, फिट, गुंगी, हातापायांत बधिरपणा, बोबडी वळणं, एक पापणी उतरणं, दोन बाहुल्या लहानमोठ्या होणं, अचानक दुहेरी दिसणं, यांतलं काहीही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

'दुचाकी कधी चालवू?' हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टरांची परवानगी तर हवीच, पण आधी घरी इतकं जमलं पाहिजे: खांदे न वळवता दोन्ही बाजूंना मान वळवून मागचं वाहन दिसेल एवढं पाहता येणं, तेही दहा वेळा न गरगरता, डोकं हलतं असताना समोरची पाटी वाचता येणं, आणि कुठल्याही दिशेला दुहेरी न दिसणं. मग आधी मागे बसून रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं, हेल्मेट घालून, कारण हेल्मेटचं वजनही मानेला नव्याने पेलायला शिकावं लागतं. तासाभराने वहीत आकडा लिहा. वाढ दोनच्या आत राहिली, असं सलग तीन दिवस झालं, तर चौथ्या दिवशी तोच रस्ता स्वतः चालवून पाहा. गर्दीची वेळ आणि पाऊस मात्र अजून काही दिवस टाळा.