नळ, कूलर आणि आठवड्याची सुटी

श्रोतेहो, नमस्कार.

फाल्गुन सरत आला. भुसावळ-जळगावकडे दुपारी बारानंतर रस्ते ओस पडू लागलेत आणि घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतायत. आज मला बोलायचंय ते संसारी माणसाच्या आठवड्याबद्दल. आठवडाभर घरात काही ना काही तुटतं, फुटतं, सांडतं, आणि त्या सगळ्यातून थोडा विसावा उरतो. नवरा-बायकोची निम्मी कुरबूर या दोन गोष्टींवरूनच होते, असं मी आजूबाजूला बघत आलोय. बिघडलेलं कोणी बघायचं, आणि सुटी कोणाची?

मी रेल्वेत आहे. आमच्या वस्तीत रविवार रविवारीच येईल असं नसतं. कोणाची रेस्ट मंगळवारी, कोणाची शुक्रवारी. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी अंथरुणावर पडतो, तेव्हा शेजारच्या घरात डबे भरायची घाई चाललेली असते. त्यामुळे सुटी या गोष्टीचा हिशोब आमच्याकडे जरा जास्तच काटेकोर. पण तो हिशोब असतो नोकरी करणाऱ्याचा. शेजारच्या वहिनी एकदा बोलता बोलता म्हणाल्या, ‘त्यांची रेस्ट असली की माझी डबल ड्यूटी.’ नवरा घरी म्हणून सकाळी काहीतरी वेगळं, दुपारी शेवभाजी, संध्याकाळी कोणीतरी भेटायला येणार म्हणून चहाचं आधण पुन्हा वर.

हे नुसतं एका घरातलं नाही. 2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं देशभर पाहणी केली होती, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची 97 मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात 26 च्या आसपास. म्हणजे एका बाजूला रोजचे पाच तास, आणि तेही जवळजवळ प्रत्येक घरात. मला या आकड्यांत जे दिसतं ते असं, की घरात काही बिघडलं तर ते या पाच तासांच्या आतच बिघडतं. कुकर, मिक्सर, नळ, गॅस, सगळं तिच्या हातातलं. मोडतं तेव्हा समोर ती असते. आणि ते निस्तरायला लागणारा वेळ तिच्या विसाव्यातून जातो, दुसरीकडून कुठून येणार?

परवाचीच गोष्ट सांगतो. आपल्या खानदेशातल्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्याचा दिवस म्हणजे घरातला सगळ्यात धावपळीचा दिवस. टाकी, पिंप, हंडे, कळशा, सगळं भरून होईपर्यंत कोणी खाली बसत नाही. ते सगळं उरकलं, आणि बायको दुपारी जरा आडवी झाली तोच स्वयंपाकघरातला नळ आटेच झिजल्यामुळे निखळून हातभर लांब उडाला. वरची टाकी भरलेली, त्यामुळे पाण्याला जोर. ओट्यावरून पाणी थेट पिठाच्या डब्यापर्यंत. मी ड्यूटीवर. तिनं पहिल्यांदा मोरीच्या मागचा मेन कॉक बंद केला, मग मला फोन केला. मेन कॉक कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरतो, हे आमच्या घरात मुलांनाही दाखवून ठेवलंय, म्हणून अर्धी टाकी वाचली. दिवसाआड, चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात अर्धी टाकी म्हणजे काय, ते गृहिणीलाच विचारा.

संध्याकाळी येताना मी नवा नळ, दोऱ्याची गुंडी आणि चार वायसर घेऊन आलो. नळ बसवायला फार कौशल्य लागत नाही. आट्यांवर दोरा किंवा पांढरी टेप गुंडाळताना नळ ज्या दिशेनं आवळायचा त्याच दिशेनं गुंडाळायची, नाहीतर आवळताना ती उलगडत जाते आणि नळ गळत राहतो. शेवटचा आटा हातानं, पान्याचा जोर अगदी थोडा. झालं काम. पण खरी नुकसानभरपाई ती नव्हती. तिची दुपार गेली होती. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून उभं असलेल्या बाईची ती एकच झोप. म्हणून दुसऱ्या दिवशी माझी रेस्ट असताना दुपारचं जेवण मी आणि मुलीनं केलं, आणि ती चार वाजेपर्यंत झोपली.

मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे, श्रोतेहो. घरातल्या बिघाडानं ज्याचा विसावा खाल्ला, त्याला तो त्याच आठवड्यात परत मिळाला पाहिजे. वस्तू दुरुस्त झाली की आपण समजतो प्रकरण मिटलं. मिटत नाही. असे गेलेले विसावे साठत जातात, आणि मग एखाद्या दिवशी मीठ जास्त पडल्यावरून भांडण होतं तेव्हा नवऱ्याला कळत नाही की एवढ्याशा गोष्टीवर ही एवढी का चिडली.

आता किरकोळ बिघाडांचं सांगतो. कुकरची शिट्टी होत नसेल तर आधी झाकणावरची नळी उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसली पाहिजे. तूरडाळीचा फेस तिथे अडकून सुकतो. मग रबर बघा, ते कडक झालं असेल तर बदला. मिक्सर नुसता घूं घूं करत असेल आणि पातं फिरत नसेल तर बहुतेक वेळा खालचा कपलर झिजलेला असतो. गॅसचा वास आला तर लाइटचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा आणि दारं उघडायची, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. तातडीच्या मदतीसाठी देशभर 1906 हा नंबर आहे. तो ओट्याजवळ लिहून ठेवा.

पण कूलरबद्दल मला थांबून बोलायचंय, कारण आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि कूलरशिवाय दुपार निघत नाही. लोखंडी पत्र्याचा कूलर आठ-नऊ महिने माळ्यावर पडून असतो. तिथे उंदीर वायर कुरतडतात. पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. अशा वायरचा करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरला की कूलर बाहेरून तसाच दिसतो, आवाजही नेहमीचा. आणि पाणी घालायला कोण जातं? ओल्या फरशीवर, अनवाणी, हातात बादली घेऊन घरातली बाई जाते, नाहीतर शाळेला सुटी लागलेलं मूल. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि वाचून जीव हळहळतो.

म्हणून कूलर खाली काढाल तेव्हा पंप बाहेर काढून त्याची वायर बोटभर बोटभर तपासा. जोड दिलेली वायर असेल तर ती बदलूनच टाका. आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार पंपाच्या जाळीवर पांढरे थर धरतात, ते खरवडून काढा. बाजूचं जुनं गवत काढून नवं भरा. प्लग तीन पिनांचाच हवा, आणि घराचं अर्थिंग खरोखर चालू आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखणारा स्विच, बसवून घ्या, पत्र्यात करंट उतरला तर ती क्षणात वीज तोडते. तिच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून तिचा खटका पडून वीज जाते की नाही ते बघायचं. आणि पाणी घालताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आमच्याकडे कूलरला पाणी घालणं हे पुरुषाचं काम ठरलंय, मी ड्यूटीवर असलो तर मी निघण्याआधी टाकी भरूनच जातो.

आता कोणी म्हणेल, घरकामाची पुरुषाला सवय नसते. आपल्या खानदेशात तरी हे बोलू नये. थंडीत शेतात भरीत पार्टी होते तेव्हा तिथे कोण राबतं? बामणोदकडची ती लांब, पोपटी वांगी, ज्यांना 2016 साली जळगावच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, ती पोतंभर आणायची, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, हात पोळत साल काढायची, लाकडी बडगीत ठेचायची. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. हे सगळं पुरुष करतात. गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या भाजणारेही तेच, आणि शंभर माणसांच्या पंगतीला वरण कमी पडू न देणारेही तेच. मीठ किती, आच किती, फोडणी कधी, सगळं त्यांना कळतं. ज्याला शेतात पोतंभर वांग्यांचं भरीत जमतं, त्याला घरात चार माणसांची खिचडी नक्की जमते. भरीत पार्टी आपल्याला सुटी वाटते कारण ती आपण आपल्या मनानं, मित्रांसोबत करतो. तोच आनंद घरच्या चुलीपाशी बायको-मुलांसोबत का घेऊ नये? आम्ही महिन्यातून एखादी रेस्ट अशी ठेवतो. मुलगी कांदे चिरते, मुलगा भांडी घासतो, आणि बायको ओसरीवर मैत्रिणींशी गप्पा मारते. तिथून सूचना येतात, त्या ऐकायच्या.

पुढचे दोन महिने आता वाळवणाचे. उडदाचे पापड, कुरडया, बिबडे. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा, उन्हं तापायच्या आत गच्चीवर घालायचं. गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी जाऊन हे करतात, हसतात, गाणी म्हणतात. तो त्यांचा विरंगुळाही आहे आणि कंबर मोडणारं कामही. दुपारी वावटळ उठते तेव्हा अख्खी गल्ली गच्चीकडे धावते. साड्यांची टोकं धरून, अर्धे ओले बिबडे तसेच उचलून जिन्यात आणायचे. तेवढ्यात धुळीनं जे जायचं ते जातंच. त्या वेळी घरी असलेल्या पुरुषानं पेपर खाली ठेवून वर जावं. खाटा आधीच चढवून द्याव्यात, साड्यांच्या कडांना विटा ठेवाव्यात, संध्याकाळी सगळं उतरवून घ्यावं.

आणि मग येते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्या खानदेशातल्या सासुरवाशिणीची हक्काची सुटी. लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आपल्या वाडवडिलांनी बाईच्या विसाव्याला सणाचा मान दिला होता, याचा मला फार अभिमान वाटतो. मात्र ती माहेरी मोकळ्या मनानं बसावी असं वाटत असेल, तर सासरचा नळ, कूलर आणि गच्चीवरचं वाळवण बघणारं कोणीतरी इथे हवं. रोज संध्याकाळी ‘अहो, पाणी आलं का?’ असा फोन तिला करावा लागला, तर ती कसली सुटी!

आमच्या घरी या वेळी ठरलंय. ती मुलांना घेऊन आखाजीला अमळनेरला माहेरी जाईल. मी रजेचा अर्ज आधीच दिलाय. पाण्याचा दिवस माझा, गच्चीवरच्या कुरडया माझ्या, आणि तिचे आईवडील म्हणाले, राहू द्या अजून दोन दिवस, तर ते दोन दिवसही माझे.

नमस्कार.